उसाची एफआरपी व्याजासकट कशी वसूल करावी: नोंदीच्या फॉर्मपासून आरआरसीपर्यंत

दर हंगामात तेच होते. जानेवारी उलटतो, उसाचे बिल जमा झालेले नसते. पारावर चर्चा होते, कोणीतरी संघटनेच्या कार्यकर्त्याला फोन लावतो, दोन दिवस कारखान्याचा वजनकाटा बंद पडतो, चेअरमन पुढची तारीख देतात आणि सगळे घरी येतात. एप्रिलमध्ये अर्ज करायचे ठरते, तेव्हा निम्म्या लोकांकडे वजन पावत्या नसतात आणि नोंदीच्या फॉर्मवर आपण कशाकशाला मान्यता दिली हे कुणालाच आठवत नाही.

चूक हिमतीत नसते, क्रमात असते. आंदोलनाने दर ठरतो, पण ठरलेला दर खात्यात यायला कागद लागतो, आणि तो कागद ऊस तुटायच्या आधीपासून जमवावा लागतो. समोर कोण आहे हेही विसरू नका. कारखान्याचा अध्यक्ष बहुतेक वेळा आमदार, माजी आमदार किंवा त्यांच्या घरातला असतो, जिल्हा बँकेत त्यांचेच संचालक असतात आणि गावच्या सोसायटीत त्यांचाच गट असतो. एकट्या शेतकऱ्याने या यंत्रणेपुढे नुसते बोलून काही हाती लागत नाही. तारीख, वजन आणि सही असलेला कागद मात्र कोणत्याही गटाचा अधिकारी बाजूला सारू शकत नाही.

## सुरुवातीला: हक्क नेमका कशावर उभा आहे

एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायची, केंद्राने ठरवलेली किमान किंमत (रास्त आणि किफायतशीर दर). केंद्राचा ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा तिचा पाया आहे. त्यातल्या तीन तरतुदी पाठ असू द्या.

खंड ३(३): ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. खंड ३(३अ): उशीर झाला तर १४ दिवसांनंतरच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के व्याज. खंड ३(८): थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते; त्यासाठी निघणारा महसुली वसुलीचा आदेश म्हणजे आरआरसी.

सहकारी, खासगी, भाड्याने चालवायला दिलेला, असा कोणताही कारखाना असो, हे तिन्ही लागू आहे. सभासद आणि बिगर सभासद यांत एफआरपीपुरता काही फरक नाही. ‘तुम्ही सभासद नाही, तुमचे नंतर बघू’ असे कोणी म्हणाले तर तेवढे वाक्य लेखी मागा. ते कोणी देत नाही.

## टप्पा १: नोंदीच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिले जाते.

१४ दिवसांच्या नियमाला आदेशातच एक अपवाद आहे: दोघांत वेगळा लेखी करार नसेल तर १४ दिवस. म्हणजे शेतकऱ्याने हप्त्याने पैसे घ्यायला लेखी मान्यता दिली असेल, तर कारखाना त्याच सहीकडे बोट दाखवतो. ही मान्यता वेगळ्या कागदावर मागितली जात नाही. ऊस नोंदणीच्या छापील फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘कारखाना ठरवेल त्या हप्त्यांत रक्कम स्वीकारण्यास माझी संमती आहे’ अशा अर्थाची ओळ असते. कारखान्याच्या शेती खात्याचा माणूस बांधावर येतो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख लिहितो, खुणेच्या जागी सही घेतो आणि पुढच्या शेताकडे निघतो. पाच मिनिटांत १४ दिवसांचा हक्क वादात पडतो.

तेव्हा क्रम असा ठेवा:

१. फॉर्म पुढून-मागून वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. घाई असेल तर ‘उद्या गट ऑफिसला (कारखान्याच्या भागातल्या शेती कार्यालयाला) आणून देतो’ म्हणा. नोंद एका दिवसाने बुडत नाही.

२. हप्त्याच्या संमतीची ओळ असेल तर ती पेनाने खोडा आणि शेजारी सही करून ‘ही अट मान्य नाही’ असे लिहा. कोरा किंवा अर्धवट भरलेला करारनामा कधीही सही करून देऊ नका.

३. सही केलेल्या फॉर्मच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. नोंदीची पोच घ्या आणि तिच्यावर क्षेत्र, जात, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा यांपैकी काय आणि लागण तारीख बरोबर आहे ना ते बघा. तारीख चुकली तर तोडीचा नंबर मागे जातो.

तपासा: गेल्या वर्षी किंवा सोसायटीच्या कर्जाच्या वेळी केलेल्या सह्यांत अशी संमती आहे का? असेल तर या हंगामासाठी ती मागे घेत असल्याचे पत्र कारखान्याला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पत्र ऊस तुटायच्या आधीच्या तारखेचे हवे.

## टप्पा २: गट बांधा, पण सांभाळून

एकट्याने तक्रार केली की पुढच्या वर्षी त्याचा ऊस शेवटी तुटतो. उन्हात उभ्या राहिलेल्या उसाचे वजन घटते, त्याला तुरे येतात, आणि बोलण्याची शिक्षा कुठेही न लिहिता दिली जाते. म्हणून वीस-पंचवीस जण तरी एकत्र हवेत, शक्यतो कारखान्याच्या एकाच शेती गटाचे आणि दोन-तीन गावांतले.

जबाबदाऱ्या तीनच ठेवा. एकाने कागद सांभाळायचे, एकाने बोलायचे, एकाने हिशेब करायचा. कागद सांभाळणाऱ्याच्या घरातले कोणी कारखान्यात किंवा कारखान्याच्या शाळा-कॉलेजात नोकरीला नसावे. त्या घरावर दबाव सगळ्यात आधी येतो आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो. बोलणारा माणूस येत्या ग्रामपंचायत, सोसायटी किंवा जिल्हा परिषदेला उभा राहणार नसावा. उमेदवारी आली की तडजोड येते.

इशारा: तुमच्या कारखान्याच्या अध्यक्षाचा विरोधक मदतीला धावून आला तर त्याचा स्वतःचा कारखाना किती दर देतो आणि किती दिवसांनी देतो हे आधी बघा. त्याला व्यासपीठावर घेण्याआधी त्याच्याच कारखान्याची एफआरपीची आकडेवारी त्याच्यासमोर ठेवा. तिथे तो गप्प बसला तर त्याची मदत निवडणुकीपुरती आहे.

## टप्पा ३: तोड आणि काटा

तोडणीची तारीख वहीत लिहा. भरलेली गाडी शेतातून किती वाजता निघाली, वाहन क्रमांक काय, ट्रॉल्या किती, हे त्याच ओळीत. तुटलेला ऊस दिवसभर वाळला की वजन जाते आणि उताराही (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) पडतो. उशीर गाडीमुळे झाला की कारखान्यापुढच्या रांगेमुळे, हे वेळा लिहिल्या असतील तरच सांगता येते.

वजन पावतीवर चार गोष्टी असतात: भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, मोळी बांधणीची वजावट आणि निव्वळ वजन. बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा वाचतात. खरी गडबड दुसऱ्या आकड्यात होऊ शकते. गाडी प्रत्येक खेपेला रिकामी करून पुन्हा काट्यावर घेतली, की जुने वजन टाकले? एकाच ट्रॅक्टरच्या तीन खेपांच्या पावत्या शेजारी ठेवा. रिकामे वजन किलोच्या फरकाशिवाय तिन्हींवर तंतोतंत तेच असेल तर विचारा.

शंका असेल तर गाडी आधी बाहेरच्या प्रमाणित काट्यावर भरलेली तोला आणि पावती घ्या. तुलना करताना भरल्या वजनाशी भरलेलेच वजन लावा. बाहेरचे भरलेले वजन आणि कारखान्याचे निव्वळ वजन यांची तुलना करून ‘दोन टनांची काटामारी’ म्हणून ओरड केली, की पहिल्याच प्रश्नाला तक्रार पडते. फरक खरा निघाला तर त्याच दिवशी वैधमापन निरीक्षकाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या भरारी पथकाकडे लेखी द्या. आठवड्याने दिलेल्या तक्रारीत गाडी नसते, ऊसही नसतो.

पावती ड्रायव्हरकडे राहते, ही नेहमीची चूक. त्याला त्याच दिवशी फोटो पाठवायला सांगा आणि मूळ पावती आठवड्याच्या आत हातात घ्या. ती पावसाने, घामाने पुसली जाते, त्यामुळे फोटोला पर्याय नाही.

तोडीसाठी खुशाली किंवा ड्रायव्हरची ‘एंट्री’ अशी बिलाबाहेरची रक्कम मागितली गेली तर रक्कम, तारीख आणि कोणी मागितली ते लिहून ठेवा. तक्रार कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडे करा, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच बिलातून कापला जातो. पण राग तोडणी मजुरांच्या टोळीवर काढू नका. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून उचल घेऊन आलेले जोडपे पहाटेपासून कोयता चालवते, त्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत अडकलेला असतो. त्यांची मजुरी दाबणारे आणि तुमचे बिल थांबवणारे हात बहुतेक वेळा एकच असतात.

## टप्पा ४: स्वतःचा हिशेब स्वतः करा

‘चांगला दर द्या’ ही मागणी कुणी ऐकून घेत नाही. ‘माझे इतके रुपये इतके पैसे येणे आहे’ ही ऐकावी लागते.

केंद्र सरकार दर हंगामाला एफआरपी जाहीर करते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. २०२४-२५ साठी हेच आकडे ३४० आणि ३.३२ रुपये होते. तुमच्या हंगामाचा आकडा घ्या आणि पुढचे उदाहरण तसेच करा.

समजा कारखान्याचा उतारा ११.५० टक्के आहे. पायापेक्षा १.२५ टक्के जास्त, म्हणजे साडेबारा टप्पे. साडेबारा गुणिले ३.४६ म्हणजे ४३.२५ रुपये. ३५५ मध्ये मिळवले की क्विंटलला ३९८.२५, टनाला ३,९८२.५० रुपये. ही कारखान्याच्या गेटवरची किंमत झाली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८५० धरली तर हातात यायला हवेत ३,१३२.५० रुपये. साठ टन उसाचे झाले १,८७,९५०.

हिशेबात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण उताऱ्याचे. कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा यावर मोठी लढाई झाली. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने एफआरपीचे तुकडे पाडले होते: आधी एक पायाभूत हप्ता आणि हंगाम संपल्यावर त्याच हंगामाच्या उताऱ्यावर उरलेले. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर मागील हंगामाचा उतारा धरून एकरकमी एफआरपी हीच मागणी अर्जात लिहायची. अर्ज टाकण्याआधी चालू हंगामाची सूचना साखर सहसंचालक कार्यालयात बघून घ्या.

दुसरे, इथेनॉल. बी-हेवी मळी (साखर शिल्लक असलेली मळी) किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला की साखर कमी निघते आणि उतारा पडलेला दिसतो. ती घट मिळवून उतारा धरायला हवा. कारखान्याच्या फलकावरचा उतारा घटीसह आहे की घट वगळून, हे लेखी विचारा. एका टक्क्याचा फरक म्हणजे वरच्या दराने टनाला ३४६ रुपये.

तिसरे, तोडणी-वाहतूक. कारखाना सगळ्या उसाचा सरासरी खर्च काढून सर्वांना सारखा लावतो. लांबून ऊस आणला की सरासरी फुगते आणि कारखान्याजवळच्या शेतकऱ्यालाही तीच लागते. मागच्या दोन हंगामांचा खर्च आणि शेजारच्या दोन कारखान्यांचा खर्च ओळीने मांडा. एकाच तालुक्यात, सारख्याच रस्त्यांवर शंभर-दीडशे रुपयांचा फरक दिसला तर तो मुद्दा सर्वसाधारण सभेसाठी राखून ठेवा.

आता व्याज. वरच्या उदाहरणात कारखान्याने टनाला २,८०० रुपये मुदतीनंतर ३० दिवसांनी दिले आणि उरलेले ३३२.५० मुदतीनंतर १२० दिवसांनी. १,६८,००० वर ३० दिवसांचे १५ टक्क्यांनी २,०७१ रुपये होतात, १९,९५० वर १२० दिवसांचे ९८४. एकूण ३,०५५. एका शेतकऱ्याला वाटते, तीन हजारांसाठी कोण भांडत बसणार? पण याच हिशेबाने दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला शेतकऱ्यांच्या पैशाचा वापर करून पाच कोटींहून जास्त व्याज वाचवता येते. बँकेकडून पैसे उचलले तर व्याज भरावे लागते, शेतकऱ्याकडून फुकट मिळतात. व्याज मागितल्याशिवाय कारखाने ते सहसा देत नाहीत, आणि आपण मागत नाही, म्हणून दिरंगाई दरवर्षी परवडते.

तपासा: चौदा दिवस पंधरवड्याच्या शेवटापासून मोजू नका. प्रत्येक वजन पावतीच्या तारखेपासून मोजा. १ तारखेला घातलेल्या उसाची मुदत १५ ला संपते, मग बिल पंधरवड्याचे असो.

## टप्पा ५: बिल हातात आल्यावर

पैसे जमा झाले की बँकेचा मेसेज बघून समाधान मानू नका. बिलाची प्रत घ्या आणि कपातींची यादी वेगळी काढा.

सोसायटीचे पीककर्ज, बँकेचा हप्ता, कारखान्याने दिलेली रोपे-खते यांची कपात तुमच्या करारानुसार असते. ठेव, विकासनिधी, देणगी, कार्यक्रमाची वर्गणी अशा नोंदी दिसल्या तर कोणत्या ठरावाने, कोणत्या संमतीने, हे विचारा. ‘परतीची ठेव’ असेल तर परत कधी आणि व्याज किती, हे लेखी घ्या. जुन्या ठेवींच्या पावत्या आई-वडिलांच्या ट्रंकेत असतील तर त्याही बाहेर काढा.

इशारा: ‘संपूर्ण रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करू नका. सही करणे भाग पडले तर ‘एफआरपीची उर्वरित रक्कम व व्याजाचा हक्क राखून’ असे वर लिहून मग करा.

## टप्पा ६: पंधराव्या दिवसापासूनचे अर्ज

इथे क्रम चुकला तर फाइल इकडून तिकडे फिरते. अनेक जण थेट मुख्यमंत्री, कृषिमंत्री, पालकमंत्र्यांना निवेदन देतात, फोटो काढतात. ते निवेदन खाली उतरत उतरत जिथे जायचे तिथेच येते, फक्त दोन महिन्यांनी.

१. कारखान्याला मागणीपत्र. कार्यकारी संचालकांच्या नावाने, प्रत्येक शेतकऱ्याचे वेगळे. पावती क्रमांक, तारखा, वजने, येणे रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी, आजपर्यंतचे व्याज. एक पान पुरे. हाताने देऊन शिक्का घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर त्याच दिवशी नोंदणीकृत स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह पाठवा.

२. प्रादेशिक सहसंचालक (साखर). कोल्हापूर, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशी त्यांची कार्यालये आहेत. कारखान्याला दिलेल्या पत्राला आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर इथे. सोबत मागणीपत्राची शिक्क्याची प्रत, वजन पावत्या, बँक पासबुकचे पान आणि गटातल्या सगळ्यांचा एकत्रित तक्ता. वैयक्तिक अर्ज वेगळे आणि तक्ता एक, असे दोन्ही हवे. नुसता सामूहिक अर्ज दिला तर ‘नेमकी कोणाची किती बाकी’ या प्रश्नावर तो अडतो. नुसते वैयक्तिक दिले तर प्रश्नाचा आकार अधिकाऱ्याला दिसत नाही.

३. साखर आयुक्त, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे. अर्जात मागणी स्पष्ट शब्दांत लिहा: खंड ३(३) नुसार थकीत एफआरपी, खंड ३(३अ) नुसार व्याज आणि न दिल्यास खंड ३(८) नुसार वसुलीची कारवाई. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहिलेल्या अर्जावर कोणतेही पत्र पाठवले की कारवाई झाली असे धरले जाते.

सुनावणी लागली तर बोलणारा आणि हिशेबवाला दोघे जा. कारखान्याचा प्रतिनिधी बहुधा साखरेचे दर पडल्याचे, बँकेने उचल न दिल्याचे सांगेल. ते खरेही असेल. पण आदेशात १४ दिवसांची अट साखर विकली जाण्याशी जोडलेली नाही, हे शांतपणे नोंदवायला सांगा आणि कामकाजाच्या नोंदीची प्रत मागा.

## टप्पा ७: माहिती अधिकार कुठे लावायचा

थेट सहकारी कारखान्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून सहा महिने घालवणे ही ठरलेली चूक. सरकारचे भरीव भांडवल किंवा नियंत्रण असल्याशिवाय सहकारी संस्था या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. अर्ज साखर आयुक्तालय किंवा सहसंचालक कार्यालयाला करा. कारखान्याने त्यांना सादर केलेले एफआरपी अहवाल, उताऱ्याचे तक्ते, तोडणी-वाहतूक खर्च आणि गाळप परवान्यासाठी दिलेली कागदपत्रे तिथे असतात.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. तेव्हा ‘का दिले नाही’ असे प्रश्न विचारू नका, कागदाचे नाव आणि कालावधी लिहून प्रती मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील.

सभासद असाल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि संस्थेशी झालेल्या तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या प्रती फी भरून मागता येतात, आणि त्या महिन्याच्या आत द्याव्या लागतात.

## टप्पा ८: आरआरसी निघाली, पुढे?

आयुक्तांनी महसुली वसुलीचा आदेश काढला की पेपरात बातमी येते आणि गावात पेढे वाटले जातात. पैसे तेव्हाही आलेले नसतात. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे जाते, आणि राजकीय फोन सगळ्यात जास्त याच टप्प्यावर फिरतात.

आदेशाची प्रत मिळवा. तहसील कार्यालयात त्याचा आवक क्रमांक घ्या. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, दोन जणांनी जाऊन लेखी विचारायचे: साखर, मळी, बगॅस (उसाचे चिपाड) यांच्या साठ्याचा पंचनामा झाला का? जप्तीची नोटीस गेली का? लिलावाची तारीख काय? साखर बँकेकडे तारण असते, त्यामुळे वसुलीत बँक आपला हक्क पुढे करते. तारण किती आणि साठा किती, हा आकडा पंचनाम्यात यायला हवा.

आदेशातली रक्कम व्याजासकट आहे का, हेही बघा. मूळ बाकी भरली की कारवाई थांबते आणि व्याजाचा विषय तिथेच मिटतो, असे बरेचदा होते. आदेशात व्याज नसेल तर व्याजासाठी वेगळा अर्ज लगेच टाका.

## टप्पा ९: रस्त्यावर कधी उतरायचे

कागद आणि आंदोलन यांतले एकच निवडायचे नसते. एफआरपी ही किमान किंमत आहे, त्यावरचा दर नेहमीच आंदोलनाने मिळाला आहे. शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हंगामाच्या तोंडावर मागणी ठरते ती याचसाठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवल्यावर मागच्या हंगामासाठी टनाला ३,००० पेक्षा कमी दिलेल्या कारखान्यांनी १०० आणि जास्त दिलेल्यांनी ५० रुपये द्यायचे ठरले. मागणी ४०० ची होती. तरी हंगाम संपलेल्या उसाचे पैसे नुसत्या अर्जाने आले नसते.

वेळ महत्त्वाची. गाळप सुरू होताना कारखान्याला ऊस हवा असतो, गव्हाण (गाळपासाठी ऊस टाकायची जागा) रिकामी ठेवणे त्याला परवडत नाही. तेव्हा तुमची बाजू वरचढ असते. मार्चमध्ये उभा ऊस वाळत असताना तोड बंद केली तर नुकसान तुमचे होते. त्या वेळी मोर्चा सहसंचालक कार्यालयावर न्या.

गाड्या अडवताना टायर फोडणे, ऊस पेटवणे, ड्रायव्हरला मारणे हे करू नका, करू देऊ नका. गाडी कर्जावर घेतलेली असते आणि तीही कुठल्यातरी शेतकऱ्याच्याच पोराची असते. शिवाय गुन्हे दाखल झाले की पुढची दोन-चार वर्षे कोर्टाच्या तारखांत जातात आणि गट फुटतो.

## टप्पा १०: तडजोड आणि हंगामानंतरचा हिशेब

बैठकीत ठरलेले इतिवृत्तात आणा: रक्कम, कोणत्या काळातल्या उसासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, व्याजाचे काय. अध्यक्षांनी माइकवर दिलेला शब्द आणि कार्यकारी संचालकांच्या सहीचे पत्र यांत पुढच्या हंगामात फार अंतर पडते. पत्रावर तहसीलदार किंवा सहसंचालकांची उपस्थिती नोंदवून घ्या.

एफआरपी मिळाली म्हणजे हिशेब संपला नाही. महाराष्ट्राचा ऊस दर विनियमनाचा २०१३ चा कायदा आहे. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, नुसत्या साखरेवर हिशेब केला तर ७५ टक्के. हा आकडा एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यावा लागतो. तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या ऊस दर नियंत्रण मंडळापुढे जातो. तिथे साखर कोणत्या दराने विकल्याचे दाखवले आणि बगॅस स्वतःच्याच वीजप्रकल्पाला कोणत्या भावाने दिला, या दोन नोंदींत मोठी रक्कम दडू शकते. त्यांच्या प्रती टप्पा ७ प्रमाणे मागा.

सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. अहवाल हातात येताच ताळेबंदातली ‘ऊस बिले देणे’, ‘ठेवी’ आणि ‘संचालकांशी संबंधित संस्थांकडून येणे’ ही पाने आधी उघडा. प्रश्न सभेच्या आठवडाभर आधी लेखी द्या, पोच घ्या. सभेत पहिल्या रांगेत अध्यक्षांचे लोक बसतात आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत विषय संपवतात. तेव्हा गटातल्या पाच-सहा जणांनी मंडपात वेगवेगळ्या जागी बसा, आणि ज्याला विरोध आहे त्या विषयाला विरोध नोंदवल्याचे पत्र सभा संपायच्या आत सचिवाकडे शिक्का मारून घ्या.

सभेहून आल्यावर पुढच्या हंगामाच्या नोंदी सुरू झालेल्या असतील. शेती खात्याचा माणूस बांधावर यायच्या आत गटातल्या प्रत्येकाला फॉर्मची मागची बाजू दाखवून या.